घोरपड ओळखताना रंग विसरा, आधी नाकपुडी बघा

फोटो कुठे काढलाय ते आधी सांगा. घोरपडीचा फोटो टाकून कुणी "ही कुठली?" विचारलं की मी पहिला हाच प्रश्न विचारतो आणि निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं, पुढे झूम करायची गरजच पडत नाही. कारण भारतात घोरपडीच्या जाती फक्त चार, आणि महाराष्ट्रात-गोव्यात अंगणात, शेतात, गडावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये जी भेटते ती यातली एकच, बंगाल घोरपड. नाव बंगाल असलं तरी ती इराणपासून थेट आसामपर्यंत आणि खाली श्रीलंकेत पण आहे, दोदँ नावाच्या फ्रेंच माणसाने 1802 मध्ये तिला ते नाव दिलं आणि तेच चिकटलं.

आता तुम्ही म्हणाल मग आमच्या गावात दोन प्रकारच्या घोरपडी कशा, एक मातकट मोठी आणि एक पिवळ्या ठिपक्यांची छोटी जिला सगळे चंदन घोरपड म्हणतात आणि जी चावली की माणूस पाणी मागत नाही. तर ती छोटी म्हणजे त्या मोठीचंच पोरगं आहे. खरंच. बंगाल घोरपडीचं पिल्लू भडक असतं, गडद अंगावर फिकट पिवळसर ठिपक्यांच्या आडव्या ओळी, गळ्यावर काळपट पट्टे, पोटाकडे पण पट्टे, आणि जसजशी वाढते तसतसा हा सगळा नखरा उतरत जाऊन राखाडी-तपकिरी मातीचा रंग उरतो. पिल्लं झाडावर जास्त असतात, मोठी जमिनीवर जास्त, म्हणून लोकांना वाटतं की राहणीमान पण वेगळं म्हणजे जात पण वेगळी. उत्तरेत याच पिल्लाला बिसखोपरा म्हणून मारतात, राजस्थानात गोहिरा म्हणून मारतात, आपल्याकडे चंदन घोरपड म्हणून मारतात. तीन नावं, तीच भीती, आणि मरतं ते बिचारं वीतभर पोरगं. घोरपडींच्या तोंडातल्या ग्रंथींत नक्की काय असतं यावर शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत, पण "छोटी विषारी, मोठी साधी" अशी वाटणी कुठेच नाहीये. चावली तर जखम चांगली होते, ती धुवायची, डॉक्टरकडे जायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं.

म्हणून माझं म्हणणं एकच, रंगावर जाऊ नका. रंग वयाने बदलतो, कात टाकताना बदलतो, चिखलात लोळली की बदलतो, ओली असली की काळी दिसते आणि उन्हात वाळली की पांढुरकी दिसते, शिवाय तुमच्या फोनचा कॅमेरा त्यात स्वतःचा मसाला घालतो तो वेगळाच. जे वयाने बदलत नाही ते बघायचं, आणि त्यात सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे नाकपुडी.

हे ऐकून लोक हसतात पण करून बघा. घोरपडीचं तोंड बाजूने बघा, डोळा कुठे आहे आणि तोंडाचं टोक कुठे आहे ते पकडा, मनात एक रेघ मारा आणि त्या रेघेवर नाकपुडी कुठे बसलीये ते बघा. बंगाल घोरपडीत ती साधारण मधोमध असते आणि भोक गोल नसतं, चाकूने चीर मारल्यासारखी फट असते. वॉटर मॉनिटर म्हणजे पाणघोरपडीत नाकपुडी गोल किंवा अंडाकृती असते आणि एकदम पुढे, टोकाजवळ, म्हणजे टोकापासून जितकी लांब त्याच्या दुप्पट डोळ्यापासून लांब. वाळवंटी घोरपडीत उलट, तिरकी फट आणि ती मागे डोळ्याकडे सरकलेली. आणि चौथी, पिवळी घोरपड, हिची पण तिरकी फट पण मधल्यापेक्षा जराशी टोकाच्या बाजूला. म्हणजे पाणघोरपड आणि वाळवंटी या दोन टोकाच्या केसेस आहेत, त्या एका नजरेत कळतात, डोकं खाते ती बंगाल आणि पिवळी यांची जोडी, त्यावर पुढे येतोच.

एक सोपी आठवण ठेवायची असेल तर अशी ठेवा, पाण्यातलीचं नाक पुढे, वाळूतलीचं नाक मागे, आपलीचं मध्ये. हे का असं यावर लोक बऱ्याच गोष्टी सांगतात, पाण्यात पोहताना पुढचं टोक बाहेर ठेवून श्वास घेता यावा, वाळू उकरताना नाकात वाळू जाऊ नये वगैरे, ऐकायला पटतं. ओळखायला कारण माहीत असायची गरज नाही.

दुसरी खूण शेपटी. बंगाल घोरपडीची शेपटी दोन्ही बाजूंनी दाबलेली असते, वर धार असते. पाणघोरपडीची त्याहून चपटी, वल्ह्यासारखी, पोहायला तीच वापरते. वाळवंटीची शेपटी जवळजवळ गोल, जाड दोरीसारखी, वर धार नाही. पिवळीची मध्येच कुठेतरी, किंचित दाबलेली. शेपटी मुळाशी सगळ्यांचीच जाड आणि गोलसर असते त्यामुळे मधला आणि शेवटचा भाग बघा, नाहीतर सगळ्याच वाळवंटी वाटायला लागतील. मी सुरुवातीला ही चूक केलीये, कच्छचा फोटो होता म्हणून उत्साहात मुळाकडची जाडी बघून वाळवंटी म्हणून मोकळा झालो आणि नंतर कुणीतरी शांतपणे दुसरा फोटो दाखवला ज्यात नाकपुडी बरोब्बर मधोमध. कच्छमध्ये बंगाल घोरपड पण असते हे मी सोयीस्कर विसरलो होतो.

आता जागेबद्दल थोडं सविस्तर, कारण जागा माहीत असेल तर चारातून दोन तरी आपोआप गळतात. वाळवंटी घोरपड राजस्थान, गुजरातचा कोरडा भाग, वाळू आणि खुरटी झुडपं अशा ठिकाणची, थंडीत बिळात झोपून राहते त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत जैसलमेरला फिरायला जाऊन ती दिसली नाही म्हणून रडू नका. पिवळी घोरपड सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रेच्या पुराच्या मैदानातली, भातखाचरं, दलदल, तळ्याच्या काठची, म्हणजे उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, आसाम ही तिची पट्टी. पाणघोरपड सुंदरबन, ओडिशातलं भितरकनिका, ईशान्येकडचा काही भाग आणि अंदमान-निकोबार. बंगाल घोरपड मात्र जवळजवळ सगळीकडे, फक्त अंदमानात नाही. तिथे फक्त पाणघोरपड. त्यामुळे सेल्युलर जेल बघायला गेलेली आपली मंडळी जेव्हा तिथल्या बेटावरचा काळ्याकुट्ट घोरपडीचा फोटो "बघा आपल्यासारखीच घोरपड" म्हणून टाकतात तेव्हा तिथे डोकं लावायची गरज नाही, ती पाणघोरपडच, आणि अंदमानातल्या जरा जास्तच काळ्या असतात, पिवळे ठिपके पुसट.

हाच नियम उलटा लावला की तानाजीच्या यशवंतीचा पण प्रश्न सुटतो. 1670 मध्ये सिंहगडावर घोरपड चढवली की नाही, दोर तिने धरला की शिडी होती, यावर इतिहासवाल्यांनी हवं तेवढं भांडावं, पण यशवंती खरंच असेल तर ती बंगाल घोरपड होती एवढं मी पैजेवर सांगतो, सह्याद्रीत दुसरी आणणार कुठून.

पण जागेवरून ओळखताना एक सापळा आहे तो लक्षात ठेवा. पाण्यात दिसली म्हणजे पाणघोरपड नाही. बंगाल घोरपड मस्त पोहते, पाण्याखाली 17 मिनिटं राहिल्याची नोंद आहे तिची. दर पावसाळ्यात कुणीतरी विहिरीतल्या किंवा ओढ्यातल्या घोरपडीचा व्हिडिओ पाठवून "महाराष्ट्रात वॉटर मॉनिटर सापडली" म्हणतं, ओली असल्यामुळे काळी दिसत असते आणि त्यात भर म्हणजे पोहताना शेपटी वळवते तेव्हा ती चपटी दिसते. व्हिडिओ थांबवा, डोक्यावर झूम करा, नाकपुडी बघा, आणि डोळ्यामागे बघा. पाणघोरपडीला डोळ्यापासून मागे कानाकडे एक काळा पट्टा जातो त्याला पिवळी किनार असते, आणि पाठीवर पिवळे ठिपके किंवा गोल कडी आडव्या रांगांत, पिल्लांत तर ही कडी इतकी ठसठशीत असतात की दागिने घातल्यासारखं वाटतं, नाकाडावर पण काळे आडवे पट्टे असतात. आपल्या ओढ्यातलीला यातलं काही नसतं.

आकारावरून पण सांगतात लोक, "सहा फुटी होती". घोरपड बघितलेल्या माणसाचा फूट आणि आपला फूट वेगळा असतो हे मी मान्य केलंय. बंगाल घोरपड शेपटीसकट जास्तीत जास्त पावणेदोन मीटरच्या आसपास जाते पण नेहमी दिसते ती तीन-चार फुटांची, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग शेपटीच. पिवळी सगळ्यात छोटी, शेपटीसकट मीटरच्या आतच. पाणघोरपड दोन मीटरच्या वर सहज जाते, श्रीलंकेतल्या कँडीची एक 3.21 मीटरची नोंदलेली आहे. फोटोत शेजारी वीट, फरशी, चप्पल असं काही असेल तर त्यावरून माप काढा, वीट साधारण नऊ इंच धरा, हातवाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

आता ती अवघड जोडी, बंगाल आणि पिवळी. माझा एक मावसभाऊ नोकरीनिमित्त कोलकात्याला आहे, त्याने एकदा तळ्याकाठच्या घोरपडीचा फोटो पाठवला, दोन-अडीच फुटांची, अंगावर पिवळे पट्टे. मी ऑफिसमध्ये होतो, न बघता सांगितलं की बंगाल घोरपडीचं पिल्लू आहे रे, मोठं होईल तसं फिकट होईल. चुकलो होतो. ती पूर्ण वाढलेली पिवळी घोरपड होती. महाराष्ट्रात बसून "पिवळी दिसली की पिल्लू" हा नियम इतका अंगवळणी पडतो की गंगेच्या खोऱ्यात तो उलटा लावायला हवा हे सुचतच नाही. तिकडे तीन जाती एकाच जिल्ह्यात असू शकतात, बंगाल, पिवळी आणि पाणघोरपड, आणि तिकडचे लोक सरसकट सगळ्यांना गोसाप म्हणतात. पिवळीला तिकडे मान पण मोठा आहे बरं का, चंडीदेवी कालकेतू नावाच्या शिकाऱ्यासमोर सोन्याच्या घोरपडीचं रूप घेऊन आली अशी तिथली कथा आहे.

तर फोटो परत उघडून मी काय बघायला हवं होतं ते सांगतो. एक, तोंड. पिवळीचं तोंड आखूड आणि बोथट, बंगालचं लांबट. दोन, बोटं, हे मला सगळ्यात आवडतं, पिवळीची बोटं बुटकी असतात, पाय एखाद्या गुबगुबीत बाळाच्या पायासारखा दिसतो, बंगाल घोरपडीची बोटं लांब, सडपातळ, पिल्लाची तर अजूनच काटकुळी कारण ते झाडावर चढतं. तीन, खवले. पिवळीचे पाठीवरचे खवले मोठे असतात आणि प्रत्येकावर मधून एक उंचवटा जातो, त्यामुळे चांगल्या फोटोत अंग खडबडीत, कणीदार दिसतं, बंगालचं त्यामानाने बारीक मण्यांसारखं. हे खवल्याचं प्रकरण आकड्यात पण आहे, पोटावरच्या खवल्यांच्या आडव्या ओळी मोजल्या तर पिवळीत साधारण 65 ते 75 भरतात आणि बंगालमध्ये 90 ते 110, कमी ओळी म्हणजे मोठे खवले, सरळ हिशोब. पण पोटावरच्या ओळी मोजायला घोरपड हातात लागते आणि ती हातात धरणं तुमचं-माझं काम नाही, परवानगी असलेल्या अभ्यासकांचं आहे, म्हणून आपण पाठीवरचा खडबडीतपणा बघायचा. चार, पट्ट्यांची जात. पिवळीचे पट्टे रुंद, वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, पावसाळ्यात विणीच्या वेळी तर त्यात लाल-केशरी झाक येते. बंगालच्या पिल्लाचे पट्टे नसतातच खरं तर, ठिपक्यांच्या ओळी असतात ज्या लांबून पट्ट्यांसारख्या दिसतात. आणि पाच, सगळ्यात सोपं, अंगाची ठेवण. पिल्लू कुठल्याही प्राण्याचं असो, डोकं मोठं, डोळे मोठे, मान बारीक. दोन फुटांची घोरपड जर जाडजूड, गळा सुटलेली, पोट लोंबणारी असेल तर ते पिल्लू नाही, ती बुटकी मोठी आहे.

भावाला मी दोन दिवसांनी चूक कबूल केली, तो म्हणाला मला काही फरक पडत नाही. त्याला नसेल पडत पण पडतो हो, पिवळी घोरपड आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत धोक्यात असलेली आहे, बंगाल त्याच्या दोन पायऱ्या अलीकडे, आणि चुकीच्या नावाने नोंद गेली की ती कुठे उरलीये हे कळायचा एक धागा जातो.

घोरपड नसलेल्यांना घोरपड समजणं हा पण एक मोठा धंदा आहे. सापसुरळी चकचकीत, तेल लावल्यासारखी, मान वेगळी दिसत नाही. सरडा टाचणीने टोचल्यासारखा बसतो आणि जीभ बाहेर काढून फिरवत नाही. घोरपड चालताना सारखी लांब दुभंगलेली जीभ आत-बाहेर करते, सापासारखी, तेवढं दिसलं की विषय संपला. आणि राजस्थानचा सांडा, ज्याचं तेल म्हणून रस्त्यावर बाटल्या विकतात, तो घोरपडीच्या जातीतला नाहीच, तो पाला खाणारा, तोंड बोथट, जीभ दुभंगलेली नाही, शेपटीवर काट्यांची कडी. आखातात असलेल्या आपल्या लोकांना तिथला धब माहीत असेल, तो सांड्याचा भाऊबंद. तिथे वाळूत लांब मानेची, दुभंगलेल्या जिभेची, गोल शेपटीची दिसली तर ती मात्र वाळवंटी घोरपड, अरबीत तिला वरल म्हणतात आणि शास्त्रीय नावातलं वॅरानस त्याच शब्दावरून आलंय.

बाहेरच्या देशांचं निघालंच आहे तर सिंगापूर आणि श्रीलंका पटकन. श्रीलंकेत दोनच, तलगोया म्हणजे आपली बंगाल आणि कबरगोया म्हणजे पाणघोरपड, नाकपुडी बघितली की झालं. सिंगापूरला सुंगई बुलोह नावाच्या पाणथळ जागी कालव्यात जी मगरीसारखी दिसते ती पाणघोरपड, पण बागेत झाडाच्या ढोलीत ठिपकेदार, करडी, फट नाकपुडीची दिसली तर ती बंगाल नाही, ढगाळ घोरपड. पूर्वी हिला बंगालचीच उपजात धरायचे, आता वेगळी जात मानतात, फरक म्हणजे डोळ्यावरच्या खवल्यांत तिची एक ओळ मोठी असते. फोटोत हे दिसणं कठीण, पण बंगाल घोरपड तिकडे नसतेच त्यामुळे परत तेच, जागा विचारा.

फोटो कसा काढायचा हे शेवटी सांगतोय पण खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. चार फोटो पुरतात. डोक्याचा बाजूने, डोळा आणि नाकाचं टोक दोन्ही एका रेषेत येईल असा. पूर्ण अंगाचा वरून किंवा बाजूने. शेपटीच्या मधल्या भागाचा. आणि पायाच्या बोटांचा जमला तर. सगळं लांबून, झूम करून, पाठलाग करायचा नाही. घोरपड फुगली, फुसफुसायला लागली, शेपटी वळवून धरली की ती मागे सरक सांगतेय, शेपटीचा फटका जोरात बसतो. वारुळाजवळ ती माती उकरताना दिसली तर तिथे घुटमळू नका, पावसाळ्यात अंडी वारुळात घालतात, वीसेक तरी असतात, आणि पिल्लं बाहेर यायला साडेपाच ते आठ महिने लागतात. घरात शिरली असेल तर दार उघडं ठेवून बाजूला व्हा, नाहीच गेली तर वन विभागाचा 1926 नंबर लावा. पकडणं, मारणं, पाळणं सगळं गुन्हा आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्यात चारही जाती अनुसूची एक मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या ओळीत, तीन ते सात वर्षं तुरुंग. गोव्यात घुमट नावाच्या वाद्याला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, आता बकरीचं लावतात ते यामुळेच. आणि हाथा जोडी नावाची जी "दुर्मिळ मुळी" पूजेच्या सामानात विकतात ती मुळी नाही, नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे, बंगाल आणि पिवळीचंच जास्त. म्हणून फोटो टाकताना अचूक लोकेशन उघडं टाकू नका, तालुका पुरे.

परवा एका ग्रुपवर फोटो आला, बाथरूमच्या बादलीमागे लपलेली, फक्त अर्धी शेपटी बाहेर, खाली पन्नास मेसेज, कोण चंदन घोरपड म्हणतंय, कोण कोमोडो ड्रॅगन. मी विचारलं कुठला फोटो, तो म्हणाला सातारा. मग बंगाल घोरपड, मी लिहिलं, आणि बादली हळूच बाजूला करून दार उघडं ठेव. तो म्हणाला नाकपुडी तर दिसतच नाहीये तुला. बरोबर आहे, साताऱ्याला नाही लागत. हाच फोटो बिहारातल्या पाटण्याहून आला असता तर मी "घोरपड, जात सांगता येत नाही" एवढंच लिहून गप्प बसलो असतो.